तपासणीचा शनवार

माझा भाऊ वसराम वाईट माणूस न्हाई. हे आधीच सांगून ठेवते, न्हाईतर पुढचं ऐकून तुमी म्हणाल, ही पारुबाई सख्ख्या भावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढून राहिली. म्हणा बापा. मी त्याच्याहून मोठी हाय, त्याला कडेवर घेऊन फिरलेली हाय, मला त्याचं भ्याव न्हाई. गोरेगावच्या अलीकडं आमचा तांडा. तांड्याच्या कडंला पत्र्याची एक खोली हाय, दारावर लाकडी क्रूस हाय, ती आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च. वसराम त्या मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी. पाळक, आमचे धर्मगुरू, हिंगोलीहून येखाद्या रविवारी येतात. बाकी प्रार्थना चालवणं, आजाऱ्याच्या घरी जाणं, भांडणं मिटवणं, प्रभुभोजनाची भाकर वाटणं, हे सगळं वसरामच बघायचा.

आधीचा वसराम तुमी पाह्यला न्हाई ते बरं झालं. गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. नाकावर माशी बसू द्यायचा न्हाई. येखादं म्हातारं माणूस मागून म्हणलं, "बाबा, जरा हळू घे," की जीप तिथंच उभी, आन म्हातारं खाली, भर उन्हात. संध्याकाळी दारू ठरलेली. रूपाबाई, त्याची बायको, माझी भावजय. तिनं त्याच्या हातचं लई खाल्लं. तांड्याच्या पंचायतीनं दोनदा उभं केलं, दंड लावला. दंड भरून घरी आला, आन पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

मंग त्याच्या पोटात पाणी झालं. दवाखान्यात शेजारच्या खाटंवर शिरड शहापूरचा सोमेश्वर म्हणून येक माणूस बापाची सेवा करत होता. तो रोज संध्याकाळी बापासाठी प्रार्थना करायचा, आन जाता जाता वसरामच्या डोक्यावर बी हात ठेवायचा. वसरामनं शिव्या दिल्या तरी ठेवायचा. काय झालं, कसं झालं, मला सांगता येत न्हाई. पण दवाखान्यातून जो वसराम घरी आला त्यानं पुन्हा बाटलीला हात लावला न्हाई, आन बायकोला बी लावला न्हाई. निलम तवा नऊ-दहा वर्सांची होती. येकुलती येक पोरगी. बाप कुठं गावाला जाऊन आल्यासारखी ती त्याच्याकडं टकामका बघायची.

तर ही तपासणी त्यानंच काढली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वसराम म्हणला, मन तपासल्याबिगर भाकर खायची न्हाई, आन आपलं मन आपल्याला येकट्याला दिसत न्हाई, दुसऱ्याला विचारावं लागतं. आमच्या पंचायतीत ज्याची चूक त्याला चारचौघात उभं करतात, ते त्यानं घेतलं आन दंड तेवढा काढून टाकला. आदल्या शनवारी रानातून आलं की हातपाय धुवायचे, घरच्याला आन शेजाऱ्याला जाऊन विचारायचं, "माझं काय चुकलं?" ज्याला विचारलं त्यानं खरं सांगायचं. आन विचारणाऱ्यानं उलट बोलायचं न्हाई. नुसतं "बरं" म्हणायचं, घरी जायचं, आन देवापुढं बसून ते मनात घोळवायचं. ज्यानं उलट उत्तर दिलं त्यानं दुसऱ्या दिवशी भाकर घ्यायची न्हाई. येवढाच नेम.

आवं, तुमाला सोपं वाटतं का? करून बघा येकदा! "बरं" म्हणताना जीभ जड होती. पहिल्या शनवारी मंडळीतल्या सुदामनं वसरामला तोंडावर सांगितलं, "तू पैशेवाल्यासाठी जीप थांबवतोस, आन म्हातारी बाई दिसली की पुढं दामटतोस." वसरामच्या कानशिलाची शीर उडाली, मी बघत होते. मला वाटलं झालं, आता सुदाम काही वाचत न्हाई. पण तो म्हणला, "बरं." दुसऱ्या दिवसापासून म्हातारीसाठी जीप थांबू लागली. तवापासून तांड्यात त्याचं वजन झालं. बाप्ये येकमेकाला सांगायचे, वसरामसारखा वसराम जर ऐकून घेतो तर आपल्याला काय धाड भरली?

येवढा चांगला माणूस. पण दिव्याखाली अंधार असतो तो असा.

आमच्या गोर, म्हणजे बंजारा बायांचं रडणं नुसतं डोळे पुसण्याचं नसतं. कुणी गेलं की बाया गळ्यात गळा घालून बसतात आन बोलत रडतात. सूर लावायचा, आन मेलेल्याचं सगळं आयुष्य सांगायचं: तू जन्मलीस तवा असं झालं, चालायला लागलीस तवा तसं झालं, तुझ्या हाताला अशी चव होती. येकीनं सोडलं की दुसरीनं धरायचं. ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. वसरामला ते पटंना झालं. आमच्या आईच्या वक्ताला बाया दिवसचे दिवस सूर लावून बसल्या, बाप्ये पीत बसले, आन त्यातच मारामारी झाली, ते त्याच्या डोक्यात बसलं असंल. तो सांगू लागला, हे आशा नसलेल्या लोकांचं रडणं हाय. आपलं माणूस देवाकडं गेलं, आपण गीत गायचं. हळूहळू मंडळीच्या घरांतला सूर बंद झाला. कुणाचं मन दुखलं का, हे कुणी विचारलं न्हाई.

निलमचं लग्न जवळा बाजारला झालं. जावई चांगला, सासूसासरे बी येशूला मानणारे. चारएक वर्सांमागं पावसाळ्यात तिला ताप आला. इथं दाखवलं, तिथं दाखवलं, नांदेडला नेलं. आठवडाभरात पोरगी गेली. अजून पदरात लेकरू बी नव्हतं तिच्या.

आमी सगळे जवळा बाजारला गेलो. निलमला अंगणात ठेवलं होतं. रूपाबाई तिच्या उशाशी बसली, डोक्यावरून हात फिरवला, आन मान वर करून सूर लावला. "निलम गं" येवढंच झालं तोंडातून. मी तिच्या गळ्यात हात टाकायला सरकतच होते. तेवढ्यात वसराम मागून आला, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणला, "रूपा. न्हाई. आपल्याला आशा हाय." सगळे बघत होते. रूपाबाईनं तोंड मिटलं. मंग वसरामनं गीत सुरू केलं, मंडळीनं साथ दिली, सासऱ्याच्या शेतात मूठमाती झाली. लोक जाताना म्हणत होते, काय विश्वास हाय या माणसाचा! मला त्या वक्ताला त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली.

पुढच्या महिन्यात तपासणीचा शनवार आला. माझं घर त्याच्या घराला लागूनच, भिंतीला भिंत. मी त्यांच्या ओसरीत तूर निवडत बसले होते. वसरामनं हातपाय धुतले, चुलीपाशी जाऊन बसला आन विचारलं, "रूपा, माझं काय चुकलं?"

तिनं तव्यावरची भाकर उलटली. म्हणली, "तुमी माझं रडू अडवलं. लेकीचं. ते चुकलं."

"मी अडवलं न्हाई गं. बायबलातलं वचन सांगितलं. आपण बी लोकांसारखं रडलो तर आपल्यात आन त्यांच्यात फरक काय? तूच सांग."

रूपाबाई म्हणली, "तुमी उत्तर दिलं."

बस. तिनं दुसरी भाकर थापायला घेतली. वसराम उठून गेला.

प्रभुभोजनाची भाकर रूपाबाईच भाजायची, आजही तीच भाजती. त्या रविवारी तिनं पहाटे उठून गव्हाची भाकर केली, द्राक्षरसाच्या जागी काळ्या मनुका भिजवून त्याचं पाणी केलं, झाकून नेलं. वसरामनं भाकर मोडली, आभार मानले, स्वतः खाल्ली, आन ताट फिरवलं. रूपाबाईच्या हातात ताट आलं तवा तिनं ते तसंच माझ्याकडं दिलं. घेतलं न्हाई. नेम मोडणाऱ्याच्या हातची भाकर तिला नको असंल. ज्यानं नेम केला, ज्यानं नेम मोडला, तो पुढं उभा राहून वाटत होता, आन जिचं काही चुकलं न्हाई ती उपाशी. मी वसरामकडं बघितलं. त्यानं बी बघितलं होतं. त्यानं नजर खाली घातली.

असं दर महिन्याला. तीन वर्सं.

लोकांना तोंड हाय. मंडळीतली भिकाबाई म्हणली, रूपाबाईचा विश्वास ढळला, लेकीपायी देवावर रुसली. दुसरी म्हणली, वसराम बिचारा किती सोसतो. आन वसराम? त्यानं ऐकलं, आन गप्प बसला. येवढंच न्हाई, येका रविवारी भर प्रार्थनेत म्हणला, "प्रभू, माझ्या घरच्या दुबळ्या माणसाला बळ दे." अगं माय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रार्थना संपल्यावर मी त्याला क्रूसाखालीच गाठला. म्हणलं, "दुबळं कोण रे? ती का तू? तुझी चूक तिच्या माथी मारतोस आन वरून देवाला सांगतोस?" तो म्हणला, "अक्का, तुला वचनातलं कळत न्हाई." मला वचनातलं कळत न्हाई, खरं हाय. मी अडाणी. पण मला माझा भाऊ कळतो.

रूपाबाई घरात सगळं करायची. धुणं, भांडी, त्याचं औषधपाणी, म्हशीचं. भांडली न्हाई, रुसली न्हाई. पण बोलणं आटलं. कुणाच्या मयतीला गेली की कोपऱ्यात बसायची, हात मांडीवर ठेवून. निलमचं नाव तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं न्हाई. वसरामनं ते नाव घेतलं की ती उठून बाहेर जायची. मला लई वाईट वाटायचं. वाटायचं, या दोघांतलं कुणी आधी मेलं तर मागं राहिलेल्याचं काय व्हईल?

आन मंग गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळीतल्या धर्मसिंगच्या सुनेचं, शितलचं लेकरू गेलं. चार महिन्यांचं. झोपेतच गेलं. शितल काय वय हाय तिचं, विशीतली पोर. ती रडली न्हाई. गीत म्हणलं, आमेन म्हणलं, सगळ्यांच्या पाया पडली. बाया म्हणल्या, पोरीचा विश्वास बघा! वसरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हणला, "शाबास, लेकी."

पुढचा तपासणीचा शनवार. मी पुन्हा त्यांच्या ओसरीतच होते, मला दुसरं काम काय? शितल आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. वसराम खाटंवर बसला होता. ती खाली बसली, आन "माझं काय चुकलं" विचारायच्या ऐवजी स्वतःच सांगू लागली.

"काका, माझ्या हातून पाप झालं. मी रोज तुरीच्या रानात जाते आन रडते. पदर तोंडात कोंबते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण देवाला तर ऐकू जात असंल. मी लई आवरते, काका, आवरत न्हाई. दूध अजून येऊन राहिलं ना, मंग मला आठवतं. उद्या मी भाकर घेऊ का नको? मला माफी व्हईल का?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. लेकरासाठी रडले म्हणून माफी मागून राहिली! कुणापुढं, तर ज्यानं हे तिच्या डोक्यात घातलं त्याच्यापुढं.

वसरामचं तोंड पांढरंफटक पडलं. मंग म्हणला, "पोरी, तुझं काही चुकलं न्हाई. जा. भाकर घे उद्या."

शितल उठंना. म्हणली, "पण काका, तुमीच तर सांगितलं होतं."

"व्हय," तो म्हणला. "मीच सांगितलं होतं."

ती गेली. वसराम तसाच बसून राहिला. दिवा लावायची वेळ झाली तवा उठला आन घरात गेला. रूपाबाई मेथी निवडत होती. तो तिच्यापुढं भुईवर बसला. गुडघे दुखतात त्याचे, खाली बसत न्हाई तो येरवी. म्हणला, "रूपा, माझं काय चुकलं?"

"सांगून झालं हाय."

"पुन्हा सांग."

तिनं मेथीतून हात काढला न्हाई. "तुमी माझं रडू अडवलं."

त्यानं तोंड उघडलं. मी दारात उभी. मनात म्हणलं, आला आता वचन घेऊन! पण तो नुसतं "बरं" म्हणला. उठला, मंडळीच्या खोलीत जाऊन बसला, आन त्या दिवशी जेवायला आला न्हाई.

रविवारी सगळे जमले. वसराम पुढं गेला न्हाई. पंचायतीत चुकलेला माणूस उभा राहतो तसा दारापाशी उभा राहिला, डोक्याचा रुमाल काढून. मंग बोलू लागला.

"रूपाबाई तीन वर्सं भाकर घेत न्हाई. तुमी तिला नावं ठेवली, मी ठेवू दिली. तिनं मला माझी चूक सांगितली होती, मी उत्तर दिलं, आन तरी दुसऱ्या दिवशी भाकर खाल्ली. तुमाला बी वाटली. येशू सोबत्याच्या कबरीपाशी रडला. त्याला आशा नव्हती का? मी त्याच्याहून शहाणा झालो." हातातला रुमाल त्यानं खांद्यावर टाकला. "आन काल मी लई तपासलं. रूपाला अडवलं ते वचनासाठी नव्हतंच. रूपानं सूर लावला. ती अजून थोडी रडली असती तर मी बी लोकांपुढं फुटलो असतो. वडील रडला, असं लोक म्हणाले असते. म्हणून मी तिला गप केलं. माझी इज्जत राखायला."

सुदाम पुढं आला, त्यानं वसरामला धरलं. वसराम बायांकडं बघून म्हणला, "माझ्या निलमसाठी रडा. शितलच्या लेकरासाठी रडा. जसं आपण रडतो तसं रडा."

बाया येकमेकींकडं बघू लागल्या. नव्या पोरींना तर ते येतच न्हाई, त्यांनी ऐकलंच कुठं? शेवटी म्हातारी जिवनबाई सरकत सरकत रूपाबाईपाशी गेली, तिच्या गळ्यात हात टाकला आन थरथरत्या आवाजात सूर लावला. मी दुसऱ्या अंगानं धरलं. "निलम गं, माझी भाची गं," म्हणलं, आन माझा बांध फुटला. शितल येकदम ओरडली. तिला बाकीच्या बायांनी कवळ्यात घेतलं. ती लेकराचं नाव घेऊन अशी रडली की बाप्ये बी डोळे पुसू लागले. वसराम दाराला टेकून हमसून हमसून रडत होता, लहान असताना रडायचा तसा.

रूपाबाई आमच्या मधी बसली होती. तिनं मान वर केली, तोंड उघडलं. मी वाट पाह्यली. जिवनबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणली, "घे माय, घे." रूपाबाईनं दोनदा तोंड उघडलं. काही आलं न्हाई. डोळे कोरडे. मंग ती हळूच आमच्यातून सुटली, शितलपाशी गेली, आन तिलाच थोपटू लागली.

भाकर सुदामनं वाटली. ताट वसरामपाशी आलं तवा तो म्हणला, "मी घेणार न्हाई. जवर रूपाला रडू येत न्हाई तवर न्हाई."

रूपाबाई तिथूनच बोलली, सगळ्यांपुढं. "हा बी तुमचा मोठेपणाच हाय. माझ्या रडण्यावर तुमची भाकर टांगू नका. मी माफ केलं हाय. घ्या."

तांड्यात बाईनं नवऱ्याला चारचौघात असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. वसराम म्हणला, "बरं." आन घेतली. मंग ताट रूपाबाईपाशी गेलं. तिनं बी घेतली, तीन वर्सांनी, स्वतःच्या हातानं भाजलेली भाकर.

मला वाटलं, चला, सुटलं येकदाचं. मी अशी भोळी.

संध्याकाळी त्यांच्या चुलीपाशी बसलो होतो, तिघं. रूपाबाई आपणहून बोलायला लागली. म्हणली, "अक्का, त्या दिवशी माझ्या तोंडावर सगळं होतं. निलम जन्मली तवा कुणी काय म्हणलं, पाळणा कुठं बांधला, चालायला लागली तवा कुठं पडली. सगळं क्रमानं होतं. मी ते सांगणार होते. सांगितलं असतं तर ते तुमच्या सगळ्यांपाशी राहिलं असतं. आज सूर लावायला गेले तर काही सापडंना. पोरगी पहिल्यांदा बोलली तवा काय बोलली, तेच आठवंना. सकाळपासून आठवून राहिले." मंग तिनं वसरामकडं तोंड केलं. कितीतरी दिवसांनी सरळ त्याच्याकडं बघितलं असंल तिनं. "तुमाला आठवतं का हो? पहिलं काय बोलली आपली निलम?"

त्या वर्सात वसराम कुठं असायचा ते तिला माहीत होतं, मला बी माहीत होतं. तरी तिनं विचारलं. टोचून न्हाई विचारलं. खरंच आठवत असंल तर सांगावं, म्हणून विचारलं.

वसरामनं आठवून पाह्यलं. आठवण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं.

"मला न्हाई माहीत, रूपा," तो म्हणला.